तांदळाएवढी फट

"टीव्ही जरा माझ्याकडं फिरवा की ओ सिस्टर," टेबलावर आडवे झालेले दस्तगीरचाचा म्हणाले. "गुडघा माझा, आणि मलाच दिसत न्हाई."

पाठीत इंजेक्शन देऊन त्यांचा कमरेखालचा भाग बधिर केला होता. पायांवर हिरवी कापडं, हाताला सलाईन, आणि हे गृहस्थ नाटकाला आल्यासारखे मान उचलून बघत होते. मी जागची हलले नाही. सकाळपासून माझं डोकं फिरलेलं होतं, आणि सांगितल्याशिवाय आज कशाला हात लावायचा नाही असं मी ठरवून टाकलं होतं. शेवटी डॉ. गुळवणींनीच सांगितलं, फिरवा, बघू दे त्यांना. मग मंगल सिस्टरनं टीव्ही फिरवला.

मी एस्तेर सातपुते. मिरजेत ऑपरेशन थिएटरची सिस्टर म्हणून तेव्हा मला एकोणीस वर्षं झाली होती, त्यातली अकरा गुळवणी सरांच्या हाताखाली. गुडघ्याला दोन बारीक भोकं पाडायची, एकातून दुर्बीण घालायची, दुसऱ्यातून हत्यार, आणि टीव्हीवर बघत आतलं काम करायचं, हे आमच्याकडे त्या काळी नवं होतं. सरांचा त्यात हातखंडा. कोल्हापूर, विजापूरहून माणसं यायची. हात असा की बघत राहावं, आणि जीभ अशी की माणसानं घरी जाऊन रडावं. पेशंटशी मात्र साखरेत घोळल्यासारखं बोलायचे. तो सगळा प्रसाद आम्हा बायकांसाठी राखून ठेवलेला असायचा.

त्या सकाळी झालं होतं ते असं. गुडघ्यातली फाटलेली गादी कापायचा एक चिमटा असतो, त्याला आम्ही पंच म्हणतो. तो उकळून आला आणि त्याचं तोंड अडकलं. तेल घालायचं राहिलं होतं. माझीच चूक, नाही म्हणत नाही. सरांनी तो ट्रेमध्ये असा टाकला की सगळी हत्यारं वाजली. भूलवाल्या मॅडम होत्या, मंगल होती, दाराशी वॉर्डातले मामा होते. सगळ्यांच्या देखत सर म्हणाले, "एकोणीस वर्षं झाली, या हातांना अजून वळण नाही. मंगल, आजपासून हत्यारं तू दे. यांना पाय धरायला उभं करा, तेवढं जमेल."

मंगल माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. तिला हत्यारांची नावं मी शिकवली होती. ती माझ्याकडे न बघता ट्रॉलीपाशी गेली, आणि मी पायापाशी.

आता पाय धरणं म्हणजे काय ते सांगते. पेशंटचं पाऊल आपल्या कमरेशी टेकवायचं आणि सगळा पाय बाहेरच्या अंगाला रेटून धरायचा. तेव्हा कुठे सांध्याच्या आतल्या बाजूला तांदळाच्या दाण्याएवढी फट पडते. त्या फटीतून हत्यार जातं. पाय जरा ढिला सोडला की फट मिटते. सर "उघडा" म्हणायचे, तसा रेटायचा. "सोडा" मात्र ते कधी म्हणायचे नाहीत. टीव्हीकडे बघून आपणच ओळखायचं, हत्यार बाहेर आलं की हाताला विसावा द्यायचा. दहा मिनिटांत खांदे भरून येतात. हे काम एरवी शिकाऊ डॉक्टर करतात, ते नसले की अधूनमधून मीही केलं होतं.

चाचांचं काय अडलं होतं, तेही सांगायला हवं. ते सतारमेकर गल्लीतले जवारीचे कारागीर. सतारीच्या तारा हाडाच्या एका छोट्या पट्टीवर टेकलेल्या असतात, तिला घोडी म्हणतात. तिचा माथा कानशीनं केस केस घासून असा आणायचा की तार छेडली की सूर उघडून गुंजत राहतो. ही जवारी. दाखल झाले त्या संध्याकाळीच मी तपासायला गेले तर त्यांनी मला हे सगळं सांगून सोडलं. मांडी घालून बसायचं आणि घोडी दोन्ही तळपायांत दाबून धरायची. वाईसच्या लोखंडी जबड्यात आवळली तर हाडाला बारीक तडा जातो, आणि तो सुरात ऐकू येतो, असं त्यांचं म्हणणं. तीस वर्षं ते असे बसले होते. आणि तीन महिन्यांपूर्वी उठताना गुडघ्यातली गादी फाटली, गुडघा अडकला, मांडी बंद. "बाकी काय नको सिस्टर," ते म्हणाले होते, "मांडी घालता आली पायजे. खुर्चीत बसून जवारी निघत न्हाई."

टीव्हीवर गुडघ्याच्या आतलं दिसायला लागलं तसे चाचा खूश झाले. वरच्या हाडाचा पांढरा गोल, खालची पांढरी बैठक, मधली फट, आणि सलाईनच्या पाण्यात हलणारे गादीचे तुकडे. ते पांढरं म्हणजे हाडावरचं गुळगुळीत आवरण, कूर्चा. चाचा म्हणाले, काय पॉलिश हाय, कुणी केलंय हे. सर हसले. त्यांनी चाचांना कूर्चा समजावून सांगितली, की ती एकदा गेली की पुन्हा येत नाही, शरीर ती दुरुस्त करत नाही. चाचांनी जवारी समजावून सांगितली. दोघांची अशी काही गट्टी जमली, की जणू लग्नात भेटलेले व्याही. अकरा वर्षांत हा माणूस माझ्याशी एवढं बोलला नव्हता. मी पाय रेटून उभी. खांदे भरून आले, कमरेत कळ यायला लागली. हत्यार आत, गप्पा चालू.

आणि मग ते झालं. पंचचं तोंड वरच्या पांढऱ्या गोलात रुतलं आणि बाहेर ओढलं गेलं, तशी एक पट्टी सोलून निघाली. ओल्या खोबऱ्याचा काप निघावा तशी. पाण्यात गिरक्या घेत ती कॅमेऱ्यासमोरून गेली, आणि मागे नखभर रुंद चर राहिला.

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी पाय धरून उभी होते, गच्च. मग त्यांनी आपल्या उजव्या हाताकडे बघितलं.

"साहेब, ते काय उडालं ओ?" चाचांनी विचारलं.

"खराब झालेलं होतं, काढून टाकलं," सर म्हणाले, आणि मंगलला म्हणाले, टीव्ही परत इकडे कर.

दुसऱ्या दिवशी राउंडला मी फाइल घेऊन सरांच्या मागे होते. सरांनी चाचांना सांगितलं की गादीचं काम छान झालंय, पण आतलं आवरण मुळातच झिजलेलं निघालं. तीस वर्षं मांडी घालून बसलात, तुमच्या धंद्यानंच ते खाल्लं, आम्ही काय करणार. हे सगळं इतक्या गोड आवाजात, खांद्यावर हात ठेवून. चाचांनी चादरीवरून गुडघा चाचपला. मग म्हणाले, "तीस वर्षं घासायचंच काम करतोय साहेब. घासलेलं मला कळतं." सर हसले आणि पुढच्या कॉटकडे गेले.

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? माझ्या हातांना वळण नाही म्हणणारा माणूस एका कारागिराच्या डोळ्यांत डोळे घालून थापा मारत होता, आणि ते मला ठाऊक होतं.

दीड महिन्यानं चाचा दाखवायला आले. गुडघा नारळाएवढा सुजलेला. निम्म्यावर वाकला की पुढे जाईना, आणि वाकवताना आत करकर वाजायचं, ते मला टेबलापलीकडे ऐकू आलं. सरांनी व्यायाम लिहून दिले, वय काढलं, वजन काढलं. मांडी कधी घालता येईल असं चाचांनी तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा सर म्हणाले, आता मांडी विसरायची. चाचांनी चिठ्ठी नीट घडी करून खिशात ठेवली आणि भिंतीला धरत बाहेर गेले.

पुढच्या रविवारी चर्चमधून निघाले ती मी घरी न जाता सरळ सतारमेकर गल्लीत गेले. पांढरी साडी, हातात बायबल, आणि मनात काय, तर गुळवणींचं नाक कापायचं. वाटेत मी वाक्यं जुळवत होते.

दुकानात चाचा एकटेच. भिंतीला भोपळे टांगलेले, खाली लाकडाचा भुगा. त्यांची खालची बसायची जागा, पोत्याची गादी, रिकामी होती. ते प्लास्टिकच्या खुर्चीत पाय लांब करून बसलेले, पुढ्यात लाकडी ठोकळा. मला बघून उठायला गेले, मी बसवलं. आणि मग मी सगळं भडाभडा सांगून टाकलं. तुमचं काही झिजलेलं नव्हतं. तुमच्या धंद्यानं काही खाल्लं नाही. सरांचा हात घसरला, मी शेजारी उभी होते, माझ्या डोळ्यांनी बघितलं. तुम्ही तक्रार करा, वकील बघा, कुठेही बोलवा, मी येऊन सांगते. नोकरी गेली तरी चालेल, असंही म्हटलं. बोलता बोलता मला माझाच अभिमान वाटायला लागला होता.

चाचांनी सगळं ऐकून घेतलं. मग ठोकळ्यावरची एक घोडी उचलून उजेडात धरली. उंटाच्या हाडाची, दुधासारखी. धारवाडच्या कुणा बाईंची होती, पंधरा दिवस ते तिच्यावर घासत होते, कारण पायात धरता येत नव्हती आणि दर चार हातांनी थांबावं लागत होतं.

"जरा धरता का सिस्टर?" ते म्हणाले. "पाय आता धरत न्हाई. थोडंच राहिलंय."

मी बायबल बाजूला ठेवलं आणि घोडी ठोकळ्यावर दोन्ही हातांनी दाबून धरली. त्यांनी कानस चालवली. मी एवढ्या सर्जनांचे हात बघितलेत, पण असा हात बघितला नाही. कानस नुसती श्वास घेतल्यासारखी पुढे-मागे. पांढरी पूड माझ्या बोटांवर पडत होती. ते तारेबद्दल काहीतरी सांगत होते, मी मान डोलवत होते.

"सोडा," मधेच ते म्हणाले.

झालं वाटून मी बोटं सैल केली. कानस थांबली नव्हती. घोडी जरा कलली, कानशीची कड माथ्यात रुतली आणि करकन एक ओरखडा आडवा गेला. पंधरा दिवसांचं काम. माझ्या तोंडून अरे देवा निघालं. चाचा दचकले नाहीत. त्यांनी फुंकर मारून पूड उडवली आणि घोडी माझ्यासमोर धरली.

"बघा. माझा हात घसरला का?"

मी त्या ओरखड्यावरून बोट फिरवलं.

"त्या दिवशी मी टीव्हीच बघत हुतो. साहेबांचं हत्यार जाग्यावर हुतं. आधी फट मिटली. मग हत्यार लागलं." त्यांचा आवाज जरासुद्धा चढला नाही. "फट साहेब धरून नव्हते, सिस्टर."

हो, मी सोडला होता पाय. हाताला रग लागली म्हणून नाही. रग मी अकरा वर्षं सोसली होती. त्या दोघांच्या गप्पा ऐकता ऐकता माझ्या मनात आलं, की बघू या, सांगितल्याशिवाय कोण काय काय धरून उभं असतं ते यांना कळू दे. हत्यार अडकेल, सर ओरडतील, "उघडा" म्हणतील, मंगलच्या देखत त्यांना माझ्याकडे मागावं लागेल. एवढंच. मी कमर इंचभर मागे घेतली. त्याच क्षणी सरांनी पंच बाहेर ओढला. ती पट्टी निघालेली दिसली तशी मी परत पाय रेटला, आणि सरांनी बघितलं तेव्हा मी खांबासारखी उभी होते.

हे मी माझ्याशीसुद्धा कधी बोलले नव्हते. त्या दुकानात येईपर्यंत सरांचाच हात घसरला असं मला मनापासून वाटायला लागलं होतं.

चाचांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्यांनी आत आपल्या बायकोला, भाभींना, आवाज दिला की दवाखान्यातल्या सिस्टर आल्यात, चहा टाका, आलं घालून. मी उठायला लागले तर म्हणाले, चहा घेतल्याशिवाय जायचं न्हाई. भाभी चहा घेऊन आल्या. माझे किती आभार मानू असं त्यांना झालं होतं, की रविवार असून यांच्या गुडघ्याची चौकशी करायला आलात, एवढं कोण करतं. मी कपबशी हातात धरून बसले. त्या उभ्या राहून सांगत होत्या, की हे आता नमाजसुद्धा खुर्चीत बसून पढतात. चाचा माझ्याकडे बघत होते. चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यावा लागला.

निघताना त्यांनी ती घोडी वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळून माझ्या हातात दिली.

"आमच्या गल्लीत रीत हाय. ज्याच्या हातनं बिघडलं त्यानंच वस्तादाला जाऊन सांगायचं, आपल्या तोंडानं. तोवर त्याला कानस मिळत न्हाई. ही साहेबांना दाखवा. मी कुणाकडं जायचो न्हाई. तुम्हीच सांगायचं."

मी सांगते म्हटलं. शपथ घेतल्यासारखं, बायबल छातीशी धरून.

सोमवारी घोडी पर्समध्ये घालून कामावर गेले. सर नेहमीसारखे असते तर कदाचित सांगितलंही असतं. पण ते नेहमीसारखे नव्हते. पंच हातात घेतला आणि आत घालायच्या आधी थांबले. माझ्याकडे वळून "उघडलंय ना?" असं विचारलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा. पाच मिनिटांनी परत विचारलं. त्यांच्या कपाळावर घाम होता. मंगलनं तो टिपला. दोन दिवसांनी त्यांनी मला हत्यारांच्या ट्रॉलीवर परत घेतलं आणि त्यानंतर मला एक वाकडा शब्द बोलले नाहीत. मला काय वाटलं सांगू? जिवाला थंडगार वाटलं. म्हटलं, आणखी थोडे दिवस जाऊ देत.

थोड्या दिवसांचे महिने झाले. सर वीस मिनिटांचं काम तासभर करायला लागले. जेवायच्या सुट्टीत खिडकीपाशी उभं राहून उजवा हात समोर धरायचे, पंजा उघडायचे, मिटायचे. चौदा महिन्यांनी त्यांनी दुर्बिणीची ऑपरेशनं बंद केली. आलेले पेशंट पुण्याला पाठवायचे. त्या मशिनवर हिरवं कापड आलं. फ्रॅक्चर आणि प्लास्टर, एवढंच राहिलं. वॉर्डातले मामा म्हणायचे, साहेबांना कुणीतरी दृष्ट लावली.

आणि सुरुवातीला दर रविवारी चर्चहून येताना चाचा दुकानासमोर खुर्ची टाकून बसलेले दिसायचे. जवारीचं काम पुतण्याकडे गेलं होतं. चाचा भोपळे निवडून द्यायचे, तारा गुंडाळायचे. मला बघून कपाळाला हात लावून सलाम करायचे आणि एकच शब्द विचारायचे. "सांगितलं?" मी नाही म्हणून मान हलवायची. त्यांनी दुसरा शब्द कधी काढला नाही. सात-आठ रविवारांनंतर मी वाट बदलली, स्टेशनकडून फेरा घालून जायला लागले. चार वर्षांनी एकदा त्या गल्लीतून जावं लागलं तर तिथं खुर्ची नव्हती. पुतण्या खाली पोत्यावर बसून घासत होता. मी चौकशी केली नाही.

सर निवृत्त होऊन मुलाकडे पुण्याला निघाले, तेव्हा या घटनेला अकरा वर्षं झाली होती. दुपारी थिएटरमध्येच चहा आणि समोसे केले. मंगलनं भाषण केलं आणि रडली. सगळे पांगल्यावर सर त्या हिरव्या कापडाखालच्या मशिनपाशी स्टुलावर बसले आणि मला थांबायला सांगितलं. फार म्हातारे दिसत होते. म्हणाले, तुम्हाला मी एकदा सगळ्यांसमोर फार लागेल असं बोललो होतो, ते माझ्या लक्षात आहे. मी म्हटलं, सोडा हो सर, जुनं काय काढता.

"नाही, चूक होती ती," ते म्हणाले. "इतक्या जणांनी माझ्यासाठी पाय धरले. तुम्ही धरलेला कधी हलला नाही."

घोडी माझ्या कपाटात होती, दहा पावलांवर, वर्तमानपत्राच्या त्याच तुकड्यात. कागद पिवळा पडला होता.

"एक विचारू, सिस्टर? तुम्ही समोरच होता. दुसऱ्या कुणाला विचारता येत नाही." त्यांनी उजवा हात मांडीवर उताणा ठेवला होता आणि त्याच्याकडेच बघत होते. "तो सतारमेकर. त्याला मी धंद्यानं खाल्लं म्हणून सांगितलं, ते खोटं होतं. माझाच हात घसरला ना?"

अकरा वर्षं मी या प्रश्नाची वाट बघत होते, असं मला त्या वेळी वाटलं. मी त्यांच्या हाताकडे बघितलं. चांगला हात होता. लांब बोटं, नखं नीट कापलेली.

"हो सर," मी म्हटलं. "जरासा."

त्यांनी मान हलवली. मला वाटलंच होतं, म्हणाले. मग त्यांनी समोशांची बशी माझ्यापुढे सरकवली, आणि मी एक घेतला.